बोटभर पट्टी आणि लाल दिवा

बसलात? नीट बसा. गोष्ट छोटीशी आहे. पण मला तिचा फार राग येतो.

एक होती चिचुंद्री. इवलीशी. नाक टोकदार. डोळे बारीक. तुरुतुरु चालायची. चिक् चिक् बोलायची. लोक म्हणायचे, "शी! चिचुंद्री! घाण वास!" अहो, कसला वास? रोज मोरीत आंघोळ करायची ती. पण लोकांना कोण सांगणार?

ती राहायची गोमतीमावशीच्या पडवीत. गोमतीमावशी सुकट विकायची. सुकट म्हणजे उन्हात वाळवलेली मासळी. मावशीची एक सायकल होती. सायकलला मागे कॅरिअर. कॅरिअरवर सुकटीची पाटी. पाटीच्या खाली लाल दिवा. एवढासा!

सकाळी बाजारात. संध्याकाळी घरी. घरचा रस्ता मोठा. रस्त्यावर ट्रक. भोंऽऽ! अंधारात ट्रकला मावशी दिसायची नाही. दिवा दिसायचा. म्हणून दिवा.

काल संध्याकाळी काय झालं? खड्डा आला. धाडकन्! दिव्याची कडी मोडली. दिवा पडला. टप्प! मागून ट्रक आला. भोंऽऽ! त्याला मावशी दिसलीच नाही. अगदी घासून गेला. मावशी पडली. गुडघा फुटला. सुकट मातीत गेली. ट्रक थांबला का? छे!

चिचुंद्री पाटीतच होती. तिने सगळं पाहिलं. रात्रभर तिला झोप नाही.

आज सकाळी बाजारात मावशी दिवा बांधायला बसली. सुतळीने बांधला. सुटला. केसांच्या रबराने बांधला. तुटला. चिकटपट्टी लावली. निघाली. कॅरिअरची दांडी गुळगुळीत. तिच्यावर काही टिकेचना.

मावशी म्हणाली, "ट्यूबची पट्टी हवी गो. सायकलच्या फाटक्या ट्यूबची. बोटभर. ती दांडीला घट्ट धरते. भिवाकडे ढीग आहे. पण मी पाटी सोडून जाऊ कशी? ती मांजरं बघ, कशी टपलीत."

"चिक् चिक्! मी जाते. मी आणते. अंधार पडायच्या आत आणते."

आणि चिचुंद्री निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

चौकात भिवा सायकलवाला. ऐसपैस बसला होता. मागे फाटक्या ट्यूबांचा ढीग. हा एवढा!

"भिवादादा, भिवादादा, पट्टी दे. पट्टी दिव्याला. दिवा मावशीला. मावशी घरी जाईल."

भिवा म्हणाला, "शी! चिचुंद्री! लांब हो!" मग म्हणाला, "देतो की. नाही कोण म्हणतं? पण माझा पाना चाचांकडे आहे. आधी पाना आण. मग बघू."

मग बघू! ऐकलंत? पट्टी कापायला पाना कशाला लागतो? मला नाही ठाऊक. तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा.

चिचुंद्री निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

कासमचाचा पत्रेवाले. डब्यांना झाकणं बसवत होते. ठक् ठक्, ठक् ठक्. पाना बाजूला पडला होता. नुसता.

"चाचा, चाचा, पाना द्या. पाना भिवाला. भिवा पट्टी देईल. पट्टी दिव्याला. दिवा मावशीला. मावशी घरी जाईल."

चाचा 'शी' म्हणाले नाहीत. चाचा म्हणाले, "ये बेटी, बस." मग म्हणाले, "देतो की. नाही कोण म्हणतं? पण माझी हातोडी शिंप्याकडे आहे. बघ, दगडाने ठोकतोय. आधी हातोडी आण. मग बघू."

गोड बोलले. पण पाना दिला का? नाही दिला. गोड 'नाही' पण 'नाही'च असतं, बाळांनो.

ऊन डोक्यावर आलं. चिचुंद्री निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

दिगंबरकाका शिंपी. मशीन चालू. खडखड खडखड. कापडाच्या गठ्ठ्यावर हातोडी ठेवलेली. का? तर कापड उडू नये म्हणून!

"काका, काका, हातोडी द्या. हातोडी चाचांना. चाचा पाना देतील. पाना भिवाला. भिवा पट्टी देईल. पट्टी दिव्याला. दिवा मावशीला. मावशी घरी जाईल."

काका म्हणाले, "शी! चिचुंद्री! कापडाला वास लागेल! लांब हो!" मग म्हणाले, "थांब, गिऱ्हाईक आहे."

चिचुंद्री थांबली. गिऱ्हाईक गेलं. दुसरं आलं. तेही गेलं. चिचुंद्री आपली थांबलेलीच.

मग काका म्हणाले, "देतो की. नाही कोण म्हणतं? पण माझी कात्री लीलाकडे आहे. आधी कात्री आण. मग बघू."

हे आधीच सांगता आलं नसतं?

ऊन कललं. चिचुंद्री निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

लीलाताई गजरेवाली. अबोली, मोगरा, अबोली, मोगरा. दोरा तोडायचा कशाने? दातांनी! टक्. सवयच पडली तिला. काकांची कात्री कुठे? टोपलीच्या तळाशी. गंजत होती.

"ताई, ताई, कात्री दे. कात्री काकांना. काका हातोडी देतील. हातोडी चाचांना. चाचा पाना देतील. पाना भिवाला. भिवा पट्टी देईल. पट्टी दिव्याला. दिवा मावशीला. मावशी घरी जाईल."

लीलाताई म्हणाली, "शी गं बाई! चिचुंद्री! माझी फुलं! लांब हो!" मग म्हणाली, "देते की. नाही कोण म्हणतं? पण माझी बादली अण्णांकडे आहे. फुलांवर पाणी कसं मारू? आधी बादली आण. मग बघू."

चिचुंद्रीचे पाय दुखायला लागले. केवढेसे पाय ते! सावल्या लांब झाल्या. तरी ती निघाली. तुरुतुरु... तुरुतुरु...

अण्णा चहावाले. चहा उकळत होता. खदखद खदखद. लीलाताईची बादली? कोपऱ्यात. पालथी. तिच्यावर अण्णांचा टॉवेल वाळत घातलेला.

"अण्णा, अण्णा, बादली द्या. बादली ताईला. ताई कात्री देईल. कात्री काकांना. काका हातोडी देतील. हातोडी चाचांना. चाचा पाना देतील. पाना भिवाला. भिवा पट्टी देईल. पट्टी दिव्याला. दिवा मावशीला. मावशी घरी जाईल."

अण्णा म्हणाले, "शी! चिचुंद्री! चहापाशी? लांब हो!" मग म्हणाले, "देतो की. नाही कोण म्हणतं? पण माझं स्टूल गेलंय. चार महिने झाले! गिऱ्हाईक उभ्याने चहा पितं. आधी स्टूल आण. मग बघू."

"स्टूल कोणी नेलं, अण्णा?"

अण्णा म्हणाले, "भिवाने."

कोणी? भिवाने! सायकलवाल्या भिवाने!

चिचुंद्री मटकन् खाली बसली. तिला रडू आलं. दिवसभर फिरली. पाच दुकानं फिरली. आणि आली कुठे? जिथून निघाली तिथेच!

तिकडे मावशी पाटी आवरत होती. फडकं झटकत होती. गुडघा चोळत होती. सूर्य निम्मा बुडाला होता.

चिचुंद्रीने नाक पुसलं. आणि पळाली. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु!

भिवा तसाच बसला होता. ऐसपैस. कशावर? स्टुलावर! अण्णांच्या स्टुलावर!

"भिवादादा, भिवादादा, स्टूल दे. स्टूल अण्णांना. अण्णा बादली देतील. बादली ताईला. ताई कात्री देईल. कात्री काकांना. काका हातोडी देतील. हातोडी चाचांना. चाचा पाना देतील. पाना तुला. तू पट्टी देशील. पट्टी दिव्याला. दिवा मावशीला. मावशी घरी जाईल."

एका दमात म्हणाली हो! धाप लागली तिला.

भिवाने डोकं खाजवलं. म्हणाला, "स्टूल? हे? हे दिलं तर मी बसू कुठे?"

बसू कुठे!

तिकडे मावशीचा गुडघा फुटलाय. ट्रक येणार आहे. आणि याला बसायचंय!

आता चिचुंद्री रागावली. अशी रागावली, अशी रागावली! आणि चिचुंद्री रागावली की काय होतं, माहितेय? एरवी नाही होत. रागावली की होतं. ती स्टुलाखाली गेली. शेपूट ताठ केलं. आणि...

फुस्सऽऽऽ!

अगंगंगं! काय तो वास! भिवाने टुणकन् उडी मारली. नाक दाबलं. डोळ्यांना पाणी आलं. "अगं आई गं! मेलो! नको हे स्टूल मला!"

उचललं स्टूल. दाणकन् ठेवलं अण्णांच्या पुढ्यात.

स्टूल आलं अण्णांकडे. अण्णांनी टॉवेल काढला. बादली दिली. खण्ण!

बादली आली ताईकडे. ताईने टोपलीत हात घातला. कात्री दिली. कच्!

कात्री आली काकांकडे. काकांनी हातोडी दिली. ठण्ण!

हातोडी आली चाचांकडे. चाचांनी पाना दिला. टिण्ण!

पाना आला भिवाकडे.

किती वेळ लागला? चहाला उकळी येते ना, तेवढाच. आणि लांब कुठे जावं लागलं? कुठेच नाही! पाचही दुकानं चौकाभोवती, एकाला एक लागून. चिचुंद्रीच्या इवल्या पायांना तो दिवसभराचा रस्ता, माणसांना नाही. नुसता हात लांब करायचा होता. चार महिन्यांत एकानेही हात लांब केला नाही.

भिवाने नाक दाबून ट्यूब ओढली. ब्लेडने कापली. सर्र! झाली पट्टी. बोटभर. पाना वापरला का? नाही. पाना नुसता खिशात घातला.

चिचुंद्रीने पट्टी तोंडात धरली. आणि तुरुतुरु तुरुतुरु, मावशीकडे!

मावशीने दिवा दांडीला लावला. पट्टी घेतली. ओढली. एक वेढा. दोन वेढे. तीन वेढे. टोक आत खोचलं. हलवून पाहिलं. हलेना! बटण दाबलं. टिक्! लाल. लाल लाल लाल.

तोवर सगळे गोळा झाले. भिवा आला. चाचा आले. काका, ताई, अण्णा, सगळे. कमरेवर हात ठेवून उभे.

भिवा म्हणाला, "बघ! किती सोपं होतं!"

काका म्हणाले, "एका पट्टीचं तर काम!"

अण्णा म्हणाले, "आम्ही पाचजण होतो म्हणून झालं हो. एकट्याने झालं असतं का?"

चिचुंद्रीने सगळ्यांकडे पाहिलं. एकेकाकडे. ती म्हणाली, "चिक्. सोपं होतं ना? मग सकाळी का नाही केलंत?"

तिकडे चहा उतू गेला, तरी अण्णा हलले नाहीत. चाचांनी मान खाली घातली. लीलाताईने एक गजरा पुढे केला. मावशीने घेतला नाही. म्हणाली, "राहू दे गो. अंधार होतोय. जाऊ दे मला."

मावशीने सायकल काढली. चिचुंद्री पाटीत बसली. ट्रिंग ट्रिंग. मोठा रस्ता आला. मागून ट्रक आला. भोंऽऽ! मावशीने हँडल घट्ट धरलं. चिचुंद्रीने डोळे मिटले.

ट्रकवाल्याला लाल दिसलं. त्याने ट्रक बाजूला घेतला. लांबून गेला. सर्रऽऽ!

मग खड्डा आला. धाडकन्! दिवा पडला का? नाही पडला. पट्टीने घट्ट धरून ठेवला.

मावशी घरी पोचली. पाय धुतले. गुडघ्याला हळद लावली. मग पाटीत हात घातला. जवळा काढला. जवळा म्हणजे इवली इवली कोलंबी. चिमूटभर नाही, मूठभर काढला. पानावर ठेवला. म्हणाली, "खा गो चिचू. हा तुझा. आज मी घरी आले ती तुझ्यामुळे. कोणाला वाटा देऊ नकोस."

चिचुंद्रीने खाल्ला. कुरुम् कुरुम्. सगळा खाल्ला. कोणाला वाटा दिला नाही.

पोट भरलं तिचं. राग मात्र राहिला. माझाही राहिलाय. चला, झोपा आता.