दामूशेठची जबाबदारी

हमरस्त्याला लागून एक गाव होतं. त्या गावात गेनू नावाचा एक भोळा माणूस होता. सगळं गाव चहा पिणारं, आणि गेनू कामाला कॉफीच्या दुकानात. दुकान दामूशेठचं. आधी गाडा होता, मग दुकान झालं, मग दुसरं झालं, आता तिसरं निघायचं होतं.

पहिल्या दुकानामागं पत्र्याची एक खोली होती. तीही शेठचीच. तिथं गेनू, त्याची बायको कौसा आणि तान्ही छकुली राहायची. शेठची मर्जी गेली की डोक्यावरचा पत्रा गेला, म्हणून कौसाचा जीव सदा टांगणीला. सकाळी नवरा निघाला की ती दारात म्हणायची, "अहो, आज काही करू नका."

"शेठ सांगतील तेवढंच करीन."

"त्याचंच तर भ्या वाटतंय!"

धंदा वाढला तसं शहरातल्या कुणीतरी शेठना सांगितलं, की आता नुसतं विकून भागत नाही, सामाजिक जबाबदारी दाखवावी लागते. शेठना त्यातलं 'दाखवावी' तेवढं बरोबर कळलं.

पहिल्यांदा ठरलं, एसटी स्टँड झाडणाऱ्या बायकांना फुकट कॉफी द्यायची. शेठ म्हणाले, "गेनू, किटली घेऊन पुढं हो." गेनू पुढं गेला. बायका आल्या. त्यानं कॉफी दिली, त्या प्यायल्या आणि कामाला लागल्या. मागून शेठ फोटोवाल्याला घेऊन आले, तर समोर रिकामे कप.

"अरे येडपटा! फोटो कुणाचा काढू, कपांचा? फोटोवाला आल्याबिगर हातातलं सोडायचं नाही!"

"बरं शेठ," गेनू म्हणाला, आणि त्यानं ते डोक्यात पक्कं बसवलं.

त्याच आठवड्यात दुकानात शेगडीवर फडकं पेटलं. फडक्यावरून पडदा पेटला. शेठ बोंबलले, "पाणी! पाणी!" गेनू भरली बादली घेऊन धावत आला आणि शेठपुढं उभा राहिला. बादली छातीशी घट्ट धरलेली.

"अरे, ओत की!"

"फोटोवाला कुठं आलाय अजून?"

पडदा गेला. विझवता विझवता शेठची अर्धी मिशी गेली.

"गाढवा! पेटलेलं दिसलं की ओतायचं! तिथं कुणाला विचारायचं नाही!"

"बरं शेठ," गेनू म्हणाला, आणि तेही पक्कं बसवलं.

कौसानं हे ऐकलं आणि तव्यावरची भाकरी करपली. "अहो, येडं का खुळं तुम्ही? शेठनं खोली काढून घेतली तर लेकराला घेऊन कुठं जायचं?"

"आता नाही चुकायचा. आता ओतायचं."

मग शाळेपुढं झाड लावायचा कार्यक्रम आला. झाड नवं होतं, खड्डा गेल्या वर्षीचाच होता. झाडाला पाणी घालायला गेनू बादली घेऊन तयार. पण आधी समई लावायची होती. सरपंचबाई भारीतलं लुगडं सावरत पुढं झाल्या. त्यांनी वात लावली. ज्योत उठली.

गेनूनं कुणाला विचारलं नाही.

समई विझली. सरपंचबाई डोक्यापासून पायापर्यंत निथळू लागल्या. फोटो मात्र झकास आले.

"बास!" शेठ म्हणाले. "इथून पुढं स्वतःचं डोकं चालवायचं नाही. मी माईकवर काय बोलतो ते कान देऊन ऐकायचं, आणि तेवढंच करायचं. आणि तिसरं दुकान उघडलं की त्याच दिवशी खोली खाली कर. मला कॉफीच्या बियांची पोती ठेवायचीत."

"बरं शेठ."

कौसानं डोळे पुसत भांडी बांधली. "गावाची जबाबदारी घेतली म्हणे, आणि आपल्याला रस्त्यावर काढतोय मेला!"

"शेठ माईकवर काय बोलतात ते बघू," गेनू म्हणाला.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. मांडव, हार, पेपरवाले, सगळं होतं. शेठनी गेनूला मंचावर ओढलं, त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि माईक तोंडाशी धरला. "मंडळी, मी कॉफी विकत नाही, मी माणसं जोडतो! हा आमचा गेनू. हा नोकर नाही, माझा धाकटा भाऊ आहे. माझं घर ते याचं घर!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. गेनूनं कान देऊन ऐकलं. शेठ झाडाझुडपांवर बोलू लागले, तोवर गेनू खोलीवर पोचलासुद्धा.

"कौसा, ऊठ. घर मिळालं."

"कुठलं?"

"शेठचं. माईकवर बोलले. सगळ्या गावानं ऐकलं."

कौसानं गाठोड्याकडं बघितलं. छकुलीकडं बघितलं. तिला सगळं कळत होतं. पण आज ती नवऱ्याला येडं म्हणाली नाही. "पाळणा तुम्ही घ्या," ती म्हणाली, "गाठोडं मी घेते."

कर्ण्याचा आवाज शेठच्या बंगल्यापर्यंत येत होता. शेठाणीबाईंनी दार उघडलं, दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "या भाऊजी."

दुपारी शेठ सरपंचबाईंना आणि पेपरवाल्यांना घेऊन जेवायला घरी आले. बघतात तर काय, शेठचा झोपाळा काढून भिंतीला टेकवलेला आणि छताच्या कड्यांना छकुलीचा पाळणा!

"हे काय रे?"

"तुम्ही बोललात तेवढंच केलं, शेठ."

"वा शेठ!" सरपंचबाई म्हणाल्या. "बोलणारे लई बघितले, करणारा आज बघितला!" पेपरवाल्यांनी धडाधड फोटो काढले. शेठना हसावं लागलं. हसता हसता ते दात खात गेनूच्या कानाशी लागले, "ही मंडळी गेली, की ज्याचं या घरात काही काम नाही त्यानं बाहेर व्हायचं. नाही झाला तर हाताला धरून काढायचं. कळलं?"

"बरं शेठ."

मंडळी जेवून गेली. गेनूनं घरभर नजर फिरवली. शेठाणीबाई भांडी आवरत होत्या. कौसा पाळण्याची दोरी ओढत होती. छकुलीचं झोपायचं काम चाललं होतं. आणि कुणाला काम नाही हे बघायचं काम गेनूकडं होतं. रिकामे उभे होते ते एकटे शेठ.

गेनूनं त्यांना अदबीनं हाताला धरलं, उंबऱ्याबाहेर नेलं, चपला पायापुढं ठेवल्या आणि आतून कडी लावली.

"गेन्या! दार उघड!" शेठ दारावर बुक्क्या मारू लागले. "घर माझं आहे!"

"हळू शेठ, पोरगी उठेल," गेनू आतून म्हणाला. "आणि तसं असेल तर माईकवर बोला. लगेच उघडतो."