रंगारी आणि शंभर लाल शेले

फार पूर्वी, नदीकाठच्या एका गावात एक रंगारी होता. त्याच्यासारखा लाल रंग पंचक्रोशीत कुणाला साधत नसे. त्याच्या कारखान्यात काम भरपूर, मजुरी चोख, दुपारी पोटभर जेवण. तरीही तरुण कारागीर टिकत नसत. वर्ष-दोन वर्षं झाली की गाठोडं उचलून नदीपलीकडच्या एका लहानशा कारखान्यात निघून जात.

"आजकालच्या पोरांच्या पायाला भिंगरी आहे," असं रंगारी म्हणायचा. त्याने मजुरी वाढवून पाहिली, सणाला नवे कपडे दिले. जाणारे गेलेच.

एकदा राजवाड्यातून लग्नासाठी शंभर लाल शेल्यांचं काम आलं. नेमकी त्याच सकाळी, तीन वर्षं राहिलेली एक हुशार मुलगी निरोप घ्यायला आली. पलीकडे जास्त मजुरी मिळते का, असं रंगाऱ्याने विचारलं. उलट थोडी कमीच मिळते, असं ती म्हणाली.

"मग इथे काय कमी पडलं, पोरी?"

मुलगी जरा घुटमळली. "मालक, तीन वर्षं मी हंडा ढवळतेय, पण कापडाला तुरटी कशाला लावतात हे मला अजून ठाऊक नाही. नव्या विहिरीच्या पाण्याने रंग मळकट येतो, असं मी उन्हाळ्यात सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, हात चालव, तोंड नको."

रंगाऱ्याला राग आला. चाळीस वर्षं रंगात हात बुडवलेल्या माणसाला ही काल आलेली पोर शिकवणार? 'चालती हो' हे शब्द अगदी ओठांवर आले. पण समोर शंभर पांढरे शेले रचून ठेवलेले होते. त्याने राग गिळला आणि नदीवरून पाणी आणवलं. दोन हंडे चुलीवर चढवले, एकात विहिरीचं पाणी, दुसऱ्यात नदीचं, आणि दोन्हींत एकेक फडकं रंगवलं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही फडकी वाळली. विहिरीच्या पाण्यातलं गंजल्यासारखं दिसत होतं. नदीच्या पाण्यातलं डाळिंबाच्या दाण्यासारखं लालबुंद.

सगळे कारागीर बघत होते. रंगाऱ्याला मान वर करवेना.

"चुकलं माझं," तो म्हणाला. मग त्याने तुरटीचा खडा तिच्या हातावर ठेवला आणि वडिलांनी फक्त त्यालाच सांगितलेली गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली. तुरटी कापड आणि रंग यांची गाठ बांधते, ती नसेल तर पहिल्याच धुण्यात रंग निघून जातो.

"हे शेले तुझ्या नजरेखाली होऊ देत. मग जायचं तर खुशाल जा."

शेले झाले. रंगारी तिला लग्नाला घेऊन गेला. आपल्या हातचा रंग लोकांच्या अंगावर मिरवताना तिने पहिल्यांदाच पाहिला, आणि जाण्याचा विषय पुन्हा काढला नाही.

त्यानंतर रोज काम आटोपलं की सगळे अंगणात बसत. कुणाला काय दिसलं, काय खटकलं, ते रंगारी ऐकून घेई. कधी वाद होई, कधी त्याचा पाराही चढे. पण बोलणाऱ्याला तो अडवत नसे. पुढे, आधी सोडून गेलेल्यांपैकी दोघं परत आले. आणखी एक जण स्वतः आला नाही, मात्र त्याने आपल्या धाकट्या बहिणीला शिकायला पाठवलं.

तात्पर्य: पोटासाठी माणूस कामावर येतो, पण जिथे शिकायला मिळतं आणि आपल्या शब्दाला किंमत असते, तिथेच तो रमतो.