शेण काढतानाचा मंत्र

"तो मंत्र मला कधी देणार, बाबा?"

सुंदरगीर बाबांनी शेणाची पाटी उकिरड्यावर पालथी केली, दोनदा आपटली आणि मागे वळून पाहिलं.

"कंचा रे?"

"रोज सकाळी गोठा झाडताना पुटपुटता तो."

बाबा नुसते हसले.

रंभाजीला ते हसणं काही आवडलं नाही. आसपासच्या पाच गावांत प्रवचनं करणारा माणूस तो. शेकडो ओव्या तोंडपाठ. आणि इथे करंजखिंडीच्या मठात तीन महिने मुकाट्यानं पाणी शेंदत होता, लाकडं फोडत होता. गोठ्यात मात्र त्यानं पाऊल टाकलं नव्हतं. आल्या दिवशीच सांगून टाकलं होतं, 'एक गोष्ट विसरायची आहे, बाबा. त्यावर उपाय द्या. बदल्यात पडेल ते काम करीन, फक्त गोठ्यातलं सांगू नका.'

बाबांनी तेव्हा का म्हणून विचारलं नव्हतं. उपायही दिला नव्हता.

"मंत्र जागृत आहे, मला कळतं," रंभाजी म्हणाला. "तो म्हणताना तुमचा चेहरा बदलतो. कधी गालात हसता, कधी डोळे पुसता. परवा तर मंत्र म्हणता म्हणता चक्क शिवी दिलीत."

"दिली आसंल."

"मी कुडाआडून कान लावून ऐकलंय. सगळं कळलं नाही. पण सुरुवात 'हर' अशी आहे. म्हणजे शंकराचाच..."

"हर न्हाई रे. हरणी."

"हरणी?"

"हरणी, बांडी, मोरी, ढवळी, भिंगरी..." बाबांनी बोटांवर मोजत नावं घेतली. "ही भिंगरी लई द्वाड. धार निघत आली की चरवीला लाथ. शिवी तिलाच दिली आसंल."

रंभाजीचं तोंड एवढंसं झालं. तीन महिने कुडाशी उभं राहून त्यानं डास चावून घेतले होते, ते या पाच गाईंसाठी!

"पण मठात या नावाची एकही गाय नाही."

"न्हाई. गेल्या समद्या. हरणी तर माझ्या गुरूच्या येळची."

"मेलेल्या गाईंची नावं घेता रोज?" आता मात्र रंभाजी चिडला. "मी इथे विसरायला आलो, बाबा. आणि तुम्ही..."

"काय इसरायचंय तुला?"

तीन महिन्यांत पहिल्यांदाच बाबांनी विचारलं. रंभाजी उकिरड्याकडे बघत राहिला.

"माझी गाय."

...

"गाभण होती. दिवस भरले होते. आई म्हणाली, आज जाऊ नगंस. मी गेलो. शेजारच्या गावात माझं प्रवचन होतं."

"कशावर?"

"भूतदयेवर."

बाबा हसले नाहीत.

"ती अडली. आई म्हातारी, एकटी काय करणार? माणसं बोलवायला गल्लीत गेली, तर गल्ली रिकामी. सगळा गाव माझंच प्रवचन ऐकायला आलेला, बाबा... दिवसभर हंबरत होती म्हणे. दिवस मावळता मी दारात आलो, तेव्हा गप्प झाली होती. वासरूही गेलं."

"नाव काय तिचं?"

रंभाजीनं तोंड उघडलं. शब्द आलाच नाही. वर्ष होत आलं होतं, ते नाव त्याच्या तोंडून बाहेर पडलं नव्हतं. उरलेली जनावरं त्यानं मेहुण्याकडे पाठवली, दावणीच्या जागी भिंत घातली, गल्लीत कुणी तिचा विषय काढला की उठून जायला लागला. तरी ती डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"इसरलास?"

"नाही हो!" रंभाजी जवळजवळ ओरडलाच. "विसरता आलं असतं तर इथे कशाला आलो असतो?"

बाबांनी रिकामी पाटी उचलून त्याच्या हातात दिली आणि ते गोठ्यात शिरले.

रंभाजी दाराशी घुटमळला. पाटी खाली ठेवावी, पिशवी उचलावी आणि सरळ खिंड उतरून जावं, असंही त्याच्या मनात आलं. मग तो वाकून आत गेला.

आत कडबा आणि गोमूत्राचा तोच वास होता. तो वाकून शेण भरू लागला, तशी कडेच्या तांबड्या कालवडीनं मान वळवून त्याचं कोपर चाटलं. खरखरीत जीभ. त्याला भडभडून आलं. त्यानं डोळे पुसले नाहीत, हात शेणात होते.

पलीकडे बाबांचा खराटा सुरू झाला, आणि त्याबरोबर नावं.

"हरणी... बांडी... मोरी..."

रंभाजी पाटी भरत होता.

"ढवळी... भिंगरी..."

खराटा थांबला. बाबाही थांबले. रंभाजीला वाटलं, शिवी येणार. ती आली नाही. बाबा खराट्यावर हात टेकून नुसते उभे होते, जणू कुणाची तरी वाट बघत.

हळूहळू रंभाजीच्या ध्यानात आलं, की ते त्याच्यासाठी थांबलेत.

...

"पवळी," तो पुटपुटला.

बाबांनी कानामागे हात धरला.

"मोठ्यानं हाक मार की रे. लांब गेलीया ती."