मथूचं राहिलेलं ‘येतंय’

फार वर्षांपूर्वी, माडवेळच्या किनाऱ्यावर माड थोडे आणि माणसं त्याहून थोडी होती, तेव्हा तिथे मथू नावाची मासेवाली राहायची. तिला लाटेवरून यायची कला साधली होती. होडी नाही, फळी नाही. छातीभर पाण्यात उभी राहायची, मागून लाट पाठीला लागली की हात पुढे करून अंग झोकून द्यायची आणि लाट तिला वाळूवर आणून सोडायची. लाटा तिला नावानिशी ओळखायच्या, असं म्हणतात.

सकाळी जमिनीकडून मतलई वारा सुटला आणि भरती अर्धी चढली, की तिथली लाट काचेसारखी उभी राहते. ती लाट मथूची. दुपारी खारा वारा आला की लाटा विस्कटतात, मग ती कुणालाच उतरू द्यायची नाही. खडकाजवळ पाणी आत ओढतं, तिथे तर कधीच नाही. आणि पाण्यात शिरताना वळून म्हणायचं, “येतंय.” म्हणजे, येते मी. आपण घरातून निघताना ‘जाते’ म्हणत नाही, तसंच. दर्या ऐकलेला शब्द मोडत नाही, असं म्हणतात.

मथूला एकच लेक, मालण. एका दुपारी मायलेकींचं जुंपलं. लेकीला खडकाजवळच्याच लाटा हव्या होत्या. हट्ट आईकडूनच आलेला, दुसरं काय!

“जातंय मी!” म्हणत मालण तरातरा पाण्यात शिरली. दर्याने ऐकलं. बघता बघता तिचं डोकं नारळाएवढं दिसायला लागलं.

मथू धावली. पाण्यात पाय टाकताना ती जिवाच्या आकांताने ओरडली, “माझां चेडू येता हा! माझी मालण येता हा!” स्वतःचं ‘येतंय’ म्हणायचं राहून गेलं. आईला कुठलं आठवायला?

तेव्हा भर दुपारी मतलई सुटला. खडकाजवळ एक हिरवी लाट उठली, इतकी उंच की तिच्या आत मासे पोहताना दिसले. ती फुटलीच नाही. अलगद आली आणि मालणला वाळूवर ठेवून मागे फिरली. पोरीचे केसही धड भिजले नव्हते, असं म्हणतात. मागच्या लाटेवर मथू दिसली, हात पुढे केलेले, हसणारी. ती लाट किनाऱ्याला लागली तेव्हा तिच्यात कुणी नव्हतं.

मालण म्हातारी झाली तरी रोज संध्याकाळी तिथे उभी राहून आईचा राहिलेला शब्द म्हणायची.

आता माडवेळला शहरातली पोरं रंगीत फळ्या घेऊन लाटांवर खेळायला येतात. वारा, भरती, सगळं मोबाइलमध्ये बघून येतात, शहाणी! पण संध्याकाळी जो शेवटी पाण्याबाहेर येईल, त्याला गावातल्या बायका तसंच जाऊ देत नाहीत. त्याने दर्याकडे वळून म्हणायचं, “मथू येता हा.” या पोरांचे उच्चार तर विचारूच नका.

बायका उत्तर देतात, “ये गो.”

मग एक लाट येते. तिच्यावर कुणी नसतं. तरी सगळे दोन पावलं मागे सरतात, तिला उतरायला जागा हवी म्हणून.