लाल दिव्याची साक्ष

एकदा घाटाच्या पायथ्याच्या एका गावात मोटारींचे एक वस्ताद राहत होते. वय झाले होते, नजर मंदावली होती. पण इंजिन चालू असताना त्याच्या झाकणावर हात ठेवून ते डोळे मिटत, तेव्हा पाहणारा आपोआप बोलणे थांबवी. त्यांच्या कारखान्यात एक रीत होती. इंजिन उघडून पुन्हा बांधले, की गाडीखाली धुतलेले पांढरे कापड अंथरायचे आणि गाडी रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी गाडीवाल्यासमोर कापड ओढून काढायचे. त्यावर तेलाचा थेंब दिसला, तर गाडी द्यायची नाही.

भैरू हा त्यांचा शिष्य. पंधरा वर्षे त्यांच्या हाताखाली काढून तो आता तिशी ओलांडलेला कसबी मिस्त्री झाला होता. त्याच्या कापडावर कधीच डाग पडला नव्हता. पंचक्रोशीत लोक म्हणत, भैरूने बांधलेल्या इंजिनाखाली लग्नातले धोतर अंथरावे आणि तेच नेसून मांडवात जावे. भैरू हे ऐके, वर पाहत नसे, पण त्याचे कान लाल होत.

एके दिवशी दुपारी काजूचे एक व्यापारी आपली गाडी घेऊन आले. महिन्यापूर्वी भैरूनेच त्या गाडीचे इंजिन बांधले होते. शेठ म्हणाले की बाकी गाडी उत्तम चालते, फक्त घाट चढताना इंजिनाला जोर लागला, की ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो. सपाटीला आले, की विझतो. एरवी त्यांनी मनावर घेतले नसते. पण बाळंतपणाला माहेरी आलेली त्यांची लेक दुसऱ्या दिवशी सकाळी तान्ह्या बाळाला घेऊन सासरी निघायची होती. जावई न्यायला आले होते. वाट घाटातून होती. शेठ एवढेच म्हणाले, की उद्या मधल्या वळणावर इंजिनाने दगा दिला, तर ते स्वतःला कधी क्षमा करणार नाहीत.

भैरूने शांतपणे काम सुरू केले. गाडी सपाट जागी उभी करून त्याने ऑइलची पट्टी पुसली, पुन्हा बुडवून पाहिली. ऑइल बरोबर खुणेवर होते, रंगही चांगला होता. गाडीखाली वाकून पाहिले. इंजिनाच्या तळाचे चेंबर, म्हणजे ज्यात सगळे ऑइल साठते ते भांडे, कोरडे ठणठणीत होते. दिव्याच्या तारा शाबूत होत्या. मग उरला ऑइलच्या दाबाचा स्विच. दाब कमी झाला, की दिवा पेटवायचा, एवढेच त्याचे काम. असे स्विच बिघडतात, हे सगळ्यांनाच ठाऊक असते. भैरूने तो काढून कोपऱ्यातल्या भंगारात टाकला, नवा बसवला आणि शेठना शेजारी घेऊन घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत जाऊन आला. दिवा पेटला नाही. शेठचा जीव भांड्यात पडला. ते उतरता उतरता म्हणाले, “वस्ताद, तुमच्या शिष्याचा हात म्हणजे हात आहे.”

वस्ताद उठले, भंगारात हात घालून त्यांनी तो जुना स्विच शोधून काढला, पेट्रोलमध्ये धुतला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि भैरूपुढे धरला.

“हा परत बसव,” ते म्हणाले.

भैरूला वाटले, त्यांना नीट दिसले नसावे. त्याने समजावून सांगितले, की हा बिघडलेला आहे, चांगला गाडीत आहे. वस्तादांनी हात मागे घेतला नाही. भैरूने निमूटपणे जुना स्विच बसवला. या वेळी वस्ताद स्वतः पुढे बसले. पहिल्या वळणाच्या चढावर दिवा पुन्हा लुकलुकू लागला, तसे ते म्हणाले, “बरे झाले. वळव गाडी.”

परत आल्यावर शेठनी दिव्याची हकीकत ऐकली आणि ते वैतागले. म्हणाले, “वस्ताद, तुमचे वय झाले म्हणायचे. बरी झालेली गाडी पुन्हा आजारी पाडलीत.”

वस्ताद हसले. शेठना बाहेर बाकावर बसवून त्यांच्यासाठी चहा मागवला आणि मग ते शिष्याकडे वळले.

“भैरू, जुना स्विच सांगतो, आत दाब कमी पडतो. नवा सांगतो, सगळे ठीक आहे. दोन साक्षीदार, दोन साक्षी. तू नव्याचे खरे का मानलेस?”

भैरू हातातला पाना पुसू लागला.

“हेच इंजिन खालच्या गावातल्या कोणी बांधले असते, तर तू सगळ्यात आधी काय तपासले असतेस?”

भैरू हळू आवाजात म्हणाला, “आतली जाळी.”

“मग ती आज का आठवली नाही?”

याचे उत्तर भैरूला सापडले असावे. कुणी न सांगताच त्याने स्विच काढून त्या जागी काट्याचे दाबमीटर जोडले आणि गरम इंजिनाचा वेग वाढवला. काटा आधी वर चढला. वेग तसाच वाढत गेला, तेव्हा तो आणखी चढायला हवा होता. पण जागीच थरथरला आणि खाली उतरू लागला. जुना स्विच खरे बोलत होता. नवाही खोटे बोलत नव्हता. दाब आणखी थोडा खाली जाईपर्यंत तो गप्प बसणारा होता, इतकेच.

चेंबर उतरवले. त्यात एक जाळी असते. पंप ऑइल ओढतो, तेव्हा ते या जाळीतून गाळून वर जाते. त्या जाळीवर राखाडी रंगाचे, शेवयांसारखे रबरी तुकडे चिकटले होते. इंजिनाला जोर लागला, की जास्त ऑइल ओढले जाई, तुकडे जाळीवर ओढले जात आणि वाट अडे. इंजिनाचा जोर उतरला, की ते सैल पडत, आणि दिवाही विझे.

भैरूने एक तुकडा बोटांनी चोळला. ती चेंबरच्या कडेला लावायची पेस्ट होती. दोन भाग घट्ट चिकटावेत आणि ऑइल गळू नये, म्हणून ती बारीक रेघेसारखी लावतात. थेंबभरही गळू नये म्हणून भैरू गेली काही वर्षे ती रेघ जाड करत आला होता. बाहेर दाबून आलेली जास्तीची पेस्ट तो पुसून घेई. आत दाबून गेलेली कोणाला दिसत नसे. पांढऱ्या कापडालाही नाही.

वस्तादांनी तो तुकडा पाहिला आणि परत जाळीवर ठेवला. शेठ बाहेर बाकावर चहा पीत होते. जाळी धुवायला किती वेळ लागतो? शेठना काही कळले नसते.

भैरू ती जाळी घेऊन तशीच बाहेर गेला. शेठपुढे धरून त्याने सांगितले, की स्विचमध्ये दोष नव्हता, दोष त्याच्या हाताचा होता, आणि इंजिनाच्या आतल्या बेअरिंगला इजा झाली आहे का, तेही आता उघडून पाहावे लागेल. शेठचा कप हातातच राहिला. ते थेट वस्तादांकडे गेले.

“आता मात्र तुम्ही स्वतःच्या हाताने बांधा. उद्या माझी लेक आणि नात यात बसणार आहेत.”

“शेठ,” वस्ताद म्हणाले, “म्हणूनच हा बांधेल. हाताचा दोष कळलेला माणूस तुमच्यापुढे उभा आहे. माझ्या हातात काय दोष आहेत, ते मला अजून कोणी जाळीवर काढून दाखवलेले नाहीत.”

आणि ते घरी जेवायला निघून गेले. शिष्याच्या मागे उभे राहून पाहायलाही थांबले नाहीत. शेठ मात्र थांबले, संशयाने खुर्ची जवळ ओढून बसले. भैरूने बेअरिंगची टोपी उतरवून दाखवली. आतला पृष्ठभाग अजून आरशासारखा होता. दिवा वेळेवर बोलला होता. मग चेंबरची कड खरवडून त्याने पेस्टची नवी रेघ ओढली, तांदळाच्या पिठाने रांगोळीची रेघ ओढावी तशी. ऑइल नवे भरले, इंजिन गरम केले, वेग वाढवला. काटा चढला आणि चढलेलाच राहिला. वस्ताद सुपारी कातरत परत आले तेव्हा काटा पाहायला शेठनीच त्यांना हाक मारली. वस्ताद म्हणाले, “तुम्ही पाहिलात ना? मग झाले.”

जुना स्विच जागेवर गेला, गाडी रात्रभर पांढऱ्या कापडावर राहिली आणि पहाटे कोरडे कापड पाहूनच शेठनी ती नेली. सकाळी शेठचे जावई लेक-नातीला घेऊन निघाले, तेव्हा हवा भरायला कारखान्यापाशी थांबले. इंजिनाचा संथ आवाज त्यांनी थोडा वेळ ऐकला आणि वस्तादांना विचारले, “हे बांधलेय कोणी?”

भैरू तेव्हा दुसऱ्या गाडीखाली पडून काम करत होता. वस्तादांनी मान ताठ करून, त्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, “माझ्या शिष्याने. दोनदा.”

गाडी घाटाकडे वळली. भैरूचा पाना काही क्षण थांबला होता. त्याला पहिल्या शब्दांपेक्षा शेवटच्या शब्दाचाच अधिक अभिमान वाटत होता.

आपण नीट केलेल्या कामाकडे कुणी बोट दाखवले, तर ते बोट आधी आपल्या हाताशी ताडून पाहावे. बोट बदलून दोष जात नाही.