मोतीशेठवर कुणी रुसेना

"मग अजून कमी काय आहे माझ्यात, अप्पा? तेवढं सांगा. आणून देतो."

मोतीशेठ लुंकड असंच बोलायचे. बार्शीत त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं मोठं दुकान. जे कमी असेल ते मागवायचं, एवढं एकच शास्त्र त्यांना ठाऊक.

अप्पा वाळवे नुसते हसले. गावातलं अनाथ मुलांचं बालगृह त्यांनी ऐन तरुणपणी हातात घेतलं आणि केस पांढरे होईपर्यंत सांभाळलं. पगार नाही, मानधन नाही. आता गुडघे ऐकेनात, म्हणून अध्यक्षपद सोडायचं होतं. कमिटीनं सांगून टाकलेलं, अप्पा बोट दाखवतील तो अध्यक्ष.

आणि अप्पांचं बोट काही हलत नव्हतं.

मोतीशेठ अप्पांना गुरू मानायचे. त्यांच्या एका शब्दावर इतकी वर्षं बालगृहात धान्य, गाद्या, पंखे, भांडी पोचवत आलेले. एक दिवाळी चुकली नाही. आता ती खुर्ची मिळावी असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि मनातलं लपवायची कला त्यांना कधी जमली नाही. माझं कापडाचं दुकान अप्पांच्या घराला लागून. संध्याकाळचा चहा त्यांच्याच ओट्यावर. त्यामुळं हे सगळं माझ्या समोर घडलेलं.

"मुलं तुला काय म्हणतात रे?" अप्पांनी विचारलं.

"नमस्कार म्हणतात! मी फाटकात शिरलो की सगळी रांगेत उभी. हात जोडून. एक पोर हलायचं नाही. शिस्त म्हणजे शिस्त!"

अप्पांनी कप खाली ठेवला.

"का? चांगलं नाही का?"

"एखादं पोर तुझ्यावर रुसलं की ये," अप्पा म्हणाले. "मग बोलू."

मोतीशेठ माझ्याकडं बघायला लागले. मी कपातल्या चहाकडं.

आता व्यापाऱ्याला मागणी कळली की तो पुरवठ्याच्या मागं लागणारच. मोतीशेठनी रविवारी मुलांना श्रीखंड कबूल केलं आणि पाठवलं पिठलं. स्वतः दारात उभे, कोण रुसतंय ते बघायला.

मुलांनी पिठलं खाल्लं. हात धुतले, हात जोडले. एका सुरात म्हणाली, "धन्यवाद, शेठकाका."

दुसऱ्या दिवशी राहवेना म्हणून श्रीखंड नेलं. तोच सूर. "धन्यवाद, शेठकाका."

मग सहलीची बस ठरवली आणि ऐन वेळी रद्द म्हणून सांगितलं. पोरं भांग पाडून, डबे मांडीवर घेऊन बसलेली.

"चालेल, शेठकाका."

त्या संध्याकाळी मोतीशेठ ओट्यावर आले. चहा पुढं ठेवला, तर निवून गेला.

"अप्पा, पोरं रुसत नाहीत हो. माझा नातू टोपीचा रंग आवडला नाही म्हणून फरशीवर लोळतो. आणि ही... सहल बुडाली तरी चालेल म्हणतात."

"बुडवलीस?"

"छे! बस कोपऱ्यावरच उभी केलेली. बोलावली परत, पाठवली पोरांना. मला बघवेना."

मला बोलल्याशिवाय राहवत नाही. म्हटलं, "शेठ, भावात एका शब्दानं घासाघीस न करता माल उचलून जातं, ते गिऱ्हाईक कुठलं असतं हो?"

"परगावचं," मोतीशेठ पटकन म्हणाले.

आणि मग एकदम थांबले.

"हा कापडवाला कधी कधी बरं बोलतो," अप्पा म्हणाले आणि घरात हाक दिली, "त्याला अजून अर्धा कप द्या."

दुपारी बालगृहातून अप्पांना खिचडी आली होती. ते ताट घासून भिंतीला टेकवून ठेवलेलं. अप्पांनी हात लांब करून ते घेतलं, मोतीशेठच्या मांडीवर ठेवलं.

"काठावर काय आहे, वाच."

"मोतीलाल फकीरचंद लुंकड यांजकडून सप्रेम भेट." मोतीशेठच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. "सगळ्या ताटांवर घातलंय. वाट्यांवरसुद्धा."

"ताट कुणाचं?"

"मुलांचं."

"परत वाच."

मोतीशेठनी परत वाचलं. मनातल्या मनात. बराच वेळ वाचत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते भांड्यांवर नावं घालायचं मशीन घेऊन बालगृहाच्या व्हरांड्यात बसले. मी दुकान मुलावर सोपवून गंमत बघायला गेलो.

पहिल्या पोरानं ताट दिलं, हात जोडले. मोतीशेठनी स्वतःचं नाव खरवडून काढलं आणि त्याचं नाव घातलं. पोरानं नावावरून बोट फिरवलं. मग म्हणालं, "शेठकाका... बैल काढता येतो?"

"बैल?"

"नावाच्या शेजारी."

शेठनी काढला. तो शेळीसारखा दिसत होता, आणि पोरांनी ते तोंडावर सांगितलं.

तिथून रांग मोडली. "काका, माझा मोर!" "ए, माझा नंबर!" "शेठकाका, हिचं नाव मोठं आलंय, माझंपण मोठं करा!" एक जण पाठीवर चढून बघत होता. एकानं शेठची टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर घातली. मशीनची टरटर आणि पोरांचा कालवा, कुणाचं कुणाला ऐकू येईना. मोतीशेठ घामानं निथळत होते आणि सगळ्यांना ओरडत होते. खुशीत.

गोदीचा नंबर आला आणि लाईट गेली.

गोदी सगळ्यांत धाकटी. मघापासून ताट छातीशी धरून उभी होती.

"गोदे, उद्या हं," मोतीशेठ म्हणाले.

"उद्या नाही. आत्ता!"

"अगं, लाईट नाही ना..."

"बैलाला होती!"

तिनं ताट जमिनीवर आपटलं. त्यावर बसली, आमच्याकडं पाठ करून. "मी जेवणारच नाही. तुमच्याशी कट्टी. जा!"

मोतीशेठ क्षणभर तिच्या पाठीकडं बघत राहिले. मग ताडकन उठले, मशीन तसंच टाकून, टोपीशिवाय, भर बाजारातून धावत सुटले. मी मागं. लोकांना वाटलं, कुठं आग लागली.

"अप्पा!" ओट्याला धरून ते धापा टाकत उभे. "रुसली! अप्पा, रुसली! गोदी रुसली माझ्यावर! कट्टी म्हणाली! जा म्हणाली मला! जेवत नाहीये!"

अप्पांनी चष्मा काढला. पुसला. परत डोळ्यांवर ठेवला...

"पोरगी तिकडं उपाशी रुसून बसलीय," ते म्हणाले, "आणि अध्यक्ष इथं काय करताहेत?"