खणखणीत तारा

वाद्यं आपल्या तारा आपणच निवडत असत, त्या काळची ही गोष्ट. शिकलगारचाचांच्या वाद्यांच्या दुकानात हलक्या लाकडाची एक गिटार होती. नायलॉनच्या तारांवर तिचा आवाज मऊ, समोर बसलेल्या दहा माणसांपुरता. शेजारच्या मेंडोलिनला मात्र जत्रेच्या मांडवात शेवटच्या रांगेतूनही दाद मिळायची. गिटारला ते सलायचं. एक दिवस तिनं पोलादी तारा मागितल्या आणि चाचांनी त्या चढवल्या.

तारा ज्या घोडीवर बांधल्या होत्या, ती लाकडी घोडी कण्हत म्हणाली, "बाई, मी नुसती सरसानं चिकटलेय. एवढा ताण मला झेपायचा नाही."

"तुला झेपत नाही म्हणून मी जन्मभर कुजबुजत राहू का?" गिटार म्हणाली.

त्या रविवारी मांडवात ती खणखणीत वाजली. शेवटच्या रांगेनंही टाळ्या वाजवल्या. घोडीची मागची कड नखभर सुटली होती, पण टाळ्यांत ते कुणाला कळणार? चौथ्या रविवारी, गाणं ऐन रंगात आलेलं असताना, घोडी गिटारच्या पोटाचा पापुद्रा घेऊनच उखडली.

"लाकूडच कुचकामी निघालं," तारा म्हणाल्या. लोकांनाही ते पटलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात तितक्याच हलक्या लाकडाची नवी गिटार आली आणि तिनं नेमक्या त्याच तारा मागितल्या. कोपऱ्यातल्या जुन्या गिटारला तिला ओरडून सांगायचं होतं. पण आता तिच्या अंगावर एकही तार नव्हती.